प्रौढांमधील एडीएचडी : तपासणीपूर्वीची तयारी

हाती घेतलेले काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळणे, महत्त्वाची कागदपत्रे वारंवार हरवणे, बैठकीत मन न लागणे, पैसे जवळ असूनही वीजबिलाची मुदत चुकणे, अशा तक्रारी वर्षानुवर्षे असलेली प्रौढ व्यक्ती मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरवते, तेव्हा तिच्या मनात अनेकदा एडीएचडी या विकाराची शंका असते. अवधानातील उणीव आणि अतिचंचलता ही या विकाराची दोन प्रमुख अंगे होत. त्याचे निदान रक्ततपासणीने, मेंदूच्या चित्रणाने अथवा संगणकावरील एखाद्या चाचणीने होत नाही. ते मुख्यतः व्यक्तीच्या जीवनवृत्तान्तावर, आणि त्यातही बालपणाच्या वृत्तान्तावर अवलंबून असते.

शिक्षण व नोकरीनिमित्त बंगळुरूत राहणाऱ्या मराठी भाषकांपुढे येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहते. तपासणी कर्नाटकाच्या राजधानीत होते. बालपणाची साक्ष देणारे आईवडील, शाळा आणि प्रगतिपुस्तके मात्र सांगली, लातूर किंवा नागपूरला असतात. म्हणून या तपासणीची तयारी रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी काही आठवडे, घरी दूरध्वनी करून सुरू करणे हितावह ठरते. अन्य शहरांतील वाचकांनाही हीच पद्धत उपयोगी पडेल.

विकाराची ओळख

अवधानाच्या विकाराचे वर्णन स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये केले होते. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांना उत्तेजक औषधामुळे काही मुलांचे वर्तन व अभ्यास सुधारल्याचे आढळले. एडीएचडी हे आजचे नाव १९८७ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीतून रूढ झाले.

हा केवळ मुलांचा विकार असून वयाबरोबर तो नाहीसा होतो, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. पुढील संशोधनातून अनेकांत तो प्रौढपणीही टिकतो हे स्पष्ट झाले. जगभरातील अभ्यासांनुसार प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के मानले जाते. विकाराच्या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे आपल्या मुलाचे निदान झाल्यानंतर स्वतःविषयी शंका येऊन वडील वा आई तपासणीसाठी जातात, असेही घडते.

प्रौढपणी लक्षणांचे रूप पालटते. वर्गात बाकावरून उठणारे मूल मोठेपणी खुर्चीत बसून राहते, परंतु आतील अस्वस्थता कायम असते. मुलींमध्ये बाह्य चंचलतेपेक्षा अवधानाची उणीव अधिक आढळत असल्याने त्यांच्याकडे शाळेत दुर्लक्ष होण्याची शक्यता जास्त असते, आणि म्हणून अनेक स्त्रियांचे निदान उशिरा होते.

निदानाचे निकष

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत अवधान-उणिवेची ९ आणि अतिचंचलता व उतावळेपणाची ९ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये यांपैकी एका गटातील किमान ६ लक्षणे, तर १७ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींत किमान ५ लक्षणे असावी लागतात. ती किमान ६ महिने टिकलेली असावीत. घर, कार्यालय, शिक्षणसंस्था अशा दोन किंवा अधिक ठिकाणी ती दिसावीत आणि त्यांमुळे जीवनव्यवहारात खरोखर बाधा येत असावी. काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच दिसलेली असावीत, आणि दुसऱ्या एखाद्या विकाराने त्यांचा उलगडा अधिक चांगला होत नसावा. याआधीच्या आवृत्तीत १२ ऐवजी ७ वर्षांची अट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही विकाराचा आरंभ बालपणीच मानला आहे.

बालपणाच्या अटीला एवढे महत्त्व का, हे दोन अभ्यासांवरून ध्यानात येते. न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार व्यक्तींचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयाच्या ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणे आढळली, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के व्यक्तींना बालपणी हा विकार नव्हता. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, उशिरा सुरू झालेल्या विकाराची शंका प्रश्नावलीवरून ज्यांच्याबाबत आली होती, त्यांच्यापैकी सुमारे ९५ टक्के व्यक्ती सविस्तर छाननीत निदानास पात्र ठरल्या नाहीत. अमली पदार्थांचे सेवन आणि अन्य मानसिक विकार ही त्यांच्या लक्षणांची नेहमी आढळणारी कारणे होती. केवळ आजची लक्षणे पाहिली तर निदान चुकू शकते, असा याचा अर्थ.

तपासणी कोण करते

बंगळुरूच्या होसूर मार्गावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच निम्हान्स, ही या क्षेत्रातील देशाची प्रमुख संस्था होय. जुने म्हैसूर शासकीय मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून २७ डिसेंबर १९७४ रोजी ती अस्तित्वात आली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था हा दर्जा मिळाला. याशिवाय शहरातील वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयांबरोबरच ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

निदान व औषधोपचार मनोविकारतज्ज्ञ करतात. मुलाखती व मानसशास्त्रीय चाचण्यांचे काम चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार नसतो. मानसशास्त्रज्ञाची निवड करताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्यावे. भेटीची वेळ ठरवतानाच प्रौढांच्या एडीएचडीची तपासणी तेथे होते काय, किती भेटी लागतील, शुल्क किती आणि लेखी अहवाल मिळेल काय, या चार गोष्टींची चौकशी करावी. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात पहिल्या दिवशी प्राथमिक पाहणी होऊन सविस्तर मुलाखतीसाठी पुढील तारीख मिळू शकते, ही शक्यता धरूनच रजेचे नियोजन करावे.

बालपणाचे पुरावे

पहिली ते सातवीपर्यंतची प्रगतिपुस्तके हा सर्वांत मोलाचा कागद होय. त्यांतील गुणांपेक्षा वर्गशिक्षकांचे शेरे अधिक बोलके असतात. ‘वर्गात लक्ष देत नाही’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘हुशार आहे, पण बडबड फार’ अशा स्वरूपाचे शेरे वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हातचे असतील, तर त्यांना विशेष वजन प्राप्त होते. शेरे चांगले असतील तर तीही प्रगतिपुस्तके सोबत न्यावीत. सोयीची तेवढीच निवडून नेऊ नयेत. बुद्धिमान मुलाने घरच्या कडक शिस्तीच्या आधारे उत्तम गुण मिळवलेले असू शकतात. त्यामुळे केवळ चांगल्या गुणांवरून विकार नाकारला जात नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती व वर्तणूक यांचे रकाने असतात, परंतु ते बहुतेक वेळा ठरावीक शब्दाने भरलेले असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित आहे. शाळा किती वेळा बदलली, हे मात्र दाखल्यांवरून समजते. जुन्या वह्या, शाळेने पालकांना पाठवलेल्या चिठ्ठ्या, बालपणी झालेल्या अपघातांची व डोक्याला लागलेल्या माराची कागदपत्रे, अपस्माराचे उपचार झाले असल्यास त्यांची नोंद, हेही जमवावे. गावाकडून मूळ कागद मागवण्याऐवजी त्यांची छायाचित्रे मोबाईलवर मागवली तरी चालते. कागदपत्रे उपलब्ध नसतील तर तपासणी अडत नाही. अशा वेळी नातेवाइकांच्या कथनावर अधिक भर दिला जातो.

नातेवाइकांची साक्ष

स्वतःच्या बालपणाविषयीची प्रौढांची स्मृती विश्वसनीय असतेच असे नाही. म्हणून आई, वडील, थोरले भावंड किंवा लहानपणी सांभाळ केलेली मावशी, आत्या यांच्यापैकी एकाचे कथन तज्ज्ञ मागतात. वर्तमानकाळासाठी पती, पत्नी वा सोबत राहणाऱ्या मित्राचे म्हणणे उपयोगी ठरते. नातेवाइकाला बंगळुरूत येणे शक्य नसेल, तर रुग्णाच्या संमतीने दूरध्वनीवरून माहिती घेता येईल का, हे आधीच विचारावे.

या टप्प्यावर भाषेचा प्रश्न येतो. धांदरट, वेंधळा, विसराळू, वांड, आळशी, अशी विशेषणे मराठी घरांत सर्रास वापरली जातात. त्यांतून मुलाच्या स्वभावाविषयीचा घरच्यांचा निवाडा कळतो. तज्ज्ञांना मात्र प्रसंग हवे असतात. ‘तो फार वेंधळा होता’ या वाक्यापेक्षा ‘चौथीत असताना दर महिन्याला कंपासपेटी हरवत असे आणि दुकानात पाठवले तर तीन वस्तूंपैकी एकच घेऊन येई’ हे वाक्य अधिक उपयुक्त आहे. रुग्णालयातील संभाषण बहुधा कन्नड, इंग्रजी अथवा हिंदीत होईल. आईचे कथन मराठीतच लिहून घ्यावे, प्रसंग व त्या वेळचे वय नमूद करावे आणि नंतर त्याचा सरळ अनुवाद करून दोन्ही प्रती न्याव्यात.

आपल्या मुलाला मानसिक विकार असल्याच्या कल्पनेने अनेक पालक व्यथित होतात व ‘सगळीच मुले अशी असतात’ असे म्हणून विषय टाळतात. अशा वेळी विकाराचे नाव घेऊन दुजोरा मागण्याऐवजी ‘मी दुसरी-तिसरीत असताना घरी व शाळेत कसा वागत असे, ते सांगाल का?’ असा मोकळा प्रश्न विचारावा. पालकांना दोष लावण्यासाठी ही विचारपूस नाही, हे त्यांना सांगणेही आवश्यक आहे.

वर्तमानातील नोंदी

तपासणीपूर्वी दोन आठवडे एका साध्या वहीत रोजच्या नोंदी ठेवाव्यात. कोणते काम ठरले होते, ते का राहिले, त्याचे परिणाम काय झाले, हे दोन-तीन ओळींत लिहावे. झोपण्याची व उठण्याची वेळ, चहा-कॉफीचे प्रमाण आणि मोबाईलचा वापर यांचीही नोंद करावी. त्याबरोबर महाविद्यालय, नोकऱ्या, आर्थिक व्यवहार, वाहन चालवताना झालेले अपघात आणि कौटुंबिक संबंध यांचा वर्षवार आढावा एका पानावर मांडावा. सवयीने शोधलेले उपाय, उदाहरणार्थ पाच-पाच गजर लावणे किंवा प्रत्येक काम शेवटच्या रात्री जागून पूर्ण करणे, हेही लिहावे. बाहेरून सुरळीत भासणारे काम किती परिश्रमाने पार पडते, ते त्यांवरून कळते.

अन्य कारणांची छाननी

अवधान ढळण्याची कारणे अनेक असतात. अपुरी झोप, रात्रपाळी, झोपेत श्वास अडखळणे, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, नैराश्य, चिंता, द्विध्रुवी विकार, मद्य व अन्य अमली पदार्थ यांमुळे एडीएचडीसारखी लक्षणे उद्भवू शकतात. परदेशांतील ग्राहकांच्या वेळेनुसार रात्री काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी झोपेचा वृत्तान्त विशेष काळजीने सांगावा. मोबाईल व इंटरनेटच्या अतिवापरासाठी निम्हान्समध्ये २०१४ मध्ये ‘शट’ नावाचा स्वतंत्र चिकित्साकक्ष सुरू झाला. पडद्यामुळे विचलित होणारे अवधान आणि बालपणापासूनची अवधान-उणीव यांत भेद करणे हा तपासणीचाच एक भाग होय.

ही कारणे एडीएचडीबरोबर एकत्रही नांदू शकतात. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक व होमिओपॅथिक औषधांसह, आणि अलीकडच्या रक्ततपासण्यांचे अहवाल सोबत असावेत. मद्यपान, तंबाखू वा गांजा यांविषयीची माहिती लपवल्यास निदान व उपचार दोन्ही चुकण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेही नियमित औषध तपासणीसाठी बंद करू नये.

प्रश्नावल्या व चाचण्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेली एएसआरएस ही १८ प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र परिचित आहे. तिच्यातील पहिले ६ प्रश्न प्राथमिक चाळणीसाठी असून ते गेल्या ६ महिन्यांतील लक्षणांविषयी विचारतात. बालपणाविषयी वेंडर-युटा ही श्रेणीपट्टी वापरली जाते. या प्रश्नावल्यांतून पुढील तपासणीची गरज समजते. निदान होत नाही. इंटरनेटवर अनेकदा त्या भरून पाहिल्यास उत्तरे पाठ झाल्यासारखी होतात. एकदा भरली असल्यास तीच प्रत तज्ज्ञांना दाखवावी आणि पुढे सराव करू नये.

सविस्तर तपासणीत नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या ‘दिवा’ या संरचित मुलाखतीचा उपयोग होऊ शकतो. तीत प्रत्येक लक्षण प्रौढपणी व ५ ते १२ या वयात कसे होते, हे उदाहरणांसह विचारले जाते. काही रुग्णांच्या बाबतीत अवधान, स्मृती व नियोजनशक्ती यांच्या चाचण्या घेतात. निम्हान्सने २००४ मध्ये भारतीय प्रौढांसाठी मेंदूच्या कार्यक्षमतेच्या चाचण्यांचा एक संच प्रसिद्ध केला आहे. अशा चाचण्यांतील उत्तम गुणांमुळे एडीएचडी नाकारता येत नाही, तसेच कमी गुणांमुळे तो सिद्धही होत नाही. शांत खोलीत अर्धा तास टिकणारे लक्ष कार्यालयात टिकेलच असे नाही.

तपासणीच्या दिवशी पुरेशी झोप व न्याहारी झालेली असावी. चष्मा, ओळखपत्र, कागदपत्रांची धारिका आणि विचारावयाच्या प्रश्नांची यादी आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावी. ज्या विकाराच्या शंकेने रुग्णालयात जायचे, त्याच विकारामुळे कागदपत्रे घरी विसरण्याचा संभव असतो. म्हणून घरातील एका व्यक्तीला आठवण करून देण्यास सांगावे. एखादा प्रश्न न समजल्यास पुन्हा विचारावा आणि आठवत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे.

औषधांविषयी

निदान झाल्यास मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक, अथवा उत्तेजक वर्गात न मोडणारे अ‍ॅटोमॉक्सेटिन, यांचा विचार होतो. वर्तनाधारित समुपदेशन व दिनक्रमातील बदल हेही उपचारांचे भाग आहेत. औषधापूर्वी नाडी व रक्तदाब तपासतात आणि हृदयविकाराचा वैयक्तिक व कौटुंबिक इतिहास विचारतात. कुटुंबात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला असल्यास त्याची माहिती आधीच काढून ठेवावी.

मिथाइलफेनिडेट हे औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत समाविष्ट आहे. त्यासाठी दोन प्रतींत चिठ्ठी लागते, एक प्रत विक्रेत्याला २ वर्षे जपून ठेवावी लागते, आणि विक्रीसाठी स्वतंत्र परवाना असावा लागतो. त्यामुळे ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनी या अनुसूचीतील औषधे दूरसल्ल्यातून लिहून देण्यास मनाई केली आहे. मित्राकडून गोळी घेऊन ‘गुण येतो का’ हे पाहण्याचा मार्ग अनिष्ट आहे. उत्तेजकांमुळे विकार नसलेल्यांनाही तरतरी वाटू शकते, त्यामुळे अशा प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. हृदयविकार असल्यास मात्र जिवाला धोका संभवतो.

निष्कर्षानंतर

तपासणीअंती निदान कोणत्या आधारावर झाले अथवा नाकारले गेले, सोबत अन्य विकार आहे काय आणि पुढील टप्पा कोणता, हे विचारून लेखी घ्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला आपल्या माहितीच्या गोपनीयतेचा व वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. निदान कार्यालयात सांगावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी रुग्णाचा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. सवलतींची अपेक्षा ठेवताना हे ध्यानात घ्यावे.

एडीएचडी नसल्याचा निष्कर्ष निघाला, तर तपासणी व्यर्थ गेली असे मानू नये. नैराश्य, निद्राविकार अथवा थायरॉइडचा दोष उघडकीस आल्यास त्यावर परिणामकारक उपचार होऊ शकतात. निष्कर्ष पटला नाही तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे; मात्र पहिला अहवाल त्यांच्यापासून लपवू नये.

भेटीची प्रतीक्षा करताना मन फार खचले, अथवा जीवन संपवण्याचे विचार येऊ लागले, तर ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू नये. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, किंवा केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या या सेवेचे शिखर केंद्र निम्हान्स असून तेथे मराठीतूनही बोलता येते.